न वाजवता घ्यायची घागर

हे मी नीट सांगू शकेन की नाही, याची मला खात्री नाही. आजोबांकडून ऐकले तेव्हा लहान होतो, आणि पुढे इतके वाचले की ऐकलेले कुठे संपते ते आता कळत नाही. चुकलो तर गावात कुणालाही विचारून घ्या.

तुम्ही आत्ता पाहिलेत ना, चिंचेखालच्या बाजारात गिऱ्हाईक घागर उचलते, फिरवून बघते आणि पैसे देते. बोटाने ठोकत कुणी नाही. एरवी साऱ्या खानदेशात मडके वाजवल्याशिवाय घेत नाहीत. खणखणीत वाजले तरच ते पक्के. पण आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या या बाजारात आमच्या गावी, सांजोळ्याला, वाजवणे वर्ज्य. आखाजीला आमच्याकडे पितरांसाठी घरोघर नवी घागर भरतात.

असे सांगतात की पूर्वी नदीच्या दोन्ही काठांना कुंभारांची वस्ती होती, अल्याडची आणि पल्याडची. मातीच्या खाणीवरून दोघांत पिढीजात वैर. एका चैत्रात पल्याडवर गारांचा पाऊस कोसळला. अल्याडला म्हणे थेंबही नाही. वाळत घातलेली मडकी फुटली, भाजण्यासाठी रचलेला आवा वाहून गेला. कुंभाराचे वर्ष आखाजीवर चालते. पल्याडचा म्होरक्या सुपडू याने चाकाचा दगड गाडीत चढवला. वस्ती मोडून सुरतेकडे मजुरीला जायचे ठरले.

अल्याडच्या म्होरक्याची विधवा झेलाबाई हिने आपली माणसे गोळा केली आणि या खेपेच्या आव्याची सगळी विक्री पल्याडला द्यायचे कबूल करून घेतले. कुरकुर झाली, पण उद्या गारा आपल्यावर पडल्या तर, असे तिने विचारल्यावर सगळे तयार झाले. बुरुडांनीही पल्याडसाठी विकायला टोपल्या दिल्या, लोहारांनी विळे. मग ती नदी उतरून गेली. सुपडूने ऐकून घेतले आणि नाही म्हटले. भिकेवर चाक फिरवायचे नव्हते त्याला.

झेलाबाई त्याच्या गाडीच्या जुवावर बसून राहिली म्हणे. छपराखाली त्यांची थोडी कच्ची मडकी वाचली होती, ती तिने मागितली. आमच्याबरोबर भाजू, मग विक्री दोघांची. पण दोन कुळांची मडकी एका आव्यात जात नसत. पितरांना ते चालत नाही, अशी समजूत. सुपडूने तेच पुढे केले.

“तुना आवा, मना आवा,” झेलाबाई म्हणाली, “आग तं एकच शे ना.”

सुपडूने मडकी दिली. दगड मात्र गाडीतच ठेवला.

घाईत चूक झाली. ती मडकी आतून ओली होती. भाजताना त्यांना केसासारखे तडे गेले, डोळ्यांना न दिसणारे. वाजवले की मात्र बद्द आवाज. बाजारात सुपडू स्वतः येऊन बसला होता. गिऱ्हाइकांनी ठोकून त्याच्याच घागरी बाजूला सारल्या, तर तो त्याच पावली गाडी जुंपणार, हे झेलाबाईला दिसत होते. आज वाजवायचे नाही, असे तिने सांगून टाकले. काही घागरी गळतील हेही लपवले नाही. कुणाच्या, ते बोलली नाही. गळेल त्याने परत आणावी, दुसरी मिळेल.

“न वाजाडता मडकं लेवानं?” हिलाल तेली म्हणाला. “मंग नवरी न देखता लगीन करानं.”

“तुनं तसंच व्हयनं ना, हिलालभाऊ,” झेलाबाई म्हणाली. “ तुले बायको चांगली भेटनी. फसनी ती तीच.”

बाजार हसला. पहिली घागर हिलालनेच उचलली. दिवस मावळेपर्यंत चिंचेखाली नुसता पेंढा उरला. सुपडूने दगड गाडीतून उतरवला, आणि मातीची खाण तेव्हापासून दोघांची झाली. त्या आव्यातली एकही घागर परत आली नाही. पितरांनी स्वतः तडे सांधले, असे सांगतात.

आजही आखाजीचा पहिला आवा दोन्ही काठांचा मिळून लागतो. ज्या कुंभारवाड्यावर त्या वर्षी संकट आले असेल, तिकडे त्याची विक्री जाते. आणि वाजवत कुणी नाही.

तडे सांधल्याचे मला मात्र कधी पटले नाही. पुष्कळ वर्षांनी, निवृत्त होऊन गावी परतल्यावर, मी जुन्या घरांतून विचारत हिंडलो. हिलालच्या वंशजांकडे आखाजीच्या घागरीखाली परात ठेवलेली दिसली. का ठेवता, म्हणून त्या घरच्या म्हातारीला विचारले.

“गळनी तं कोनले सांगानं नही,” ती म्हणाली, “आसं सासूनी सांगेल शे.”

मग मी सुतारांकडे पाहिले, पाटलांकडे पाहिले. सगळीकडे घागरीखाली परात होती.