सहा शिंगांचा डबा

आमच्या दूध डेअरीतली फायबरची तार जुनी. तिच्या टोकाचा राउटर बंद पडला आणि नवा कुठला घ्यायचा यावर सभा बसली. दुकानदारानं दोन नमुने बघायला दिले होते. गुणाबाई म्हणाली, "स्वस्तातला घ्या, म्हणजे दूध गार करायची टाकी दुरुस्त होईल. उन्हानं दूध नासतंय."

चेअरमन बळवंतरावांना महागडाच हवा होता. त्याला सहा अँटेना, शिंगांसारख्या उभ्या. "जुन्या तारेला दणकटच डबा लागतो," ते म्हणाले. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"नाहीच कळत, म्हणून बघायचंय. कुणाच्या म्हशीचं ते कळू नये म्हणून आपण दूध नाव झाकून तपासतो. तसंच करू."

दोन्ही डबे टोपल्यांखाली झाकले. सेक्रेटरीनं आळीपाळीनं तार जोडली आणि चेअरमननी दोन्ही वेळा मोबाईलवर व्हिडिओ लावला. आम्ही माना लांब करून बघत होतो. मला तर दोन्ही सारखेच पळताना दिसले.

"डावीकडचा माझा," चेअरमन म्हणाले. "फरक लगेच कळतो."

टोपली उचलली. खाली दोन शिंगांचा स्वस्त डबा.

बळवंतरावांनी घसा खाकरला. "तरी पण सहा शिंगं म्हणजे ताकद जास्तच की."

गुणाबाई म्हणाली, "तारेतून येईल तेवढंच डबा देणार. म्हशीला सहा शिंगं बसवली म्हणून धार वाढते व्हय, चेअरमन?"

टाकीच्या मिस्त्रीला फोन बळवंतरावांनीच लावला.