मुकादमाची गुहा

“...आणि हे मासे भांडले तर?”

शैलेशचा पुन्हा तोच प्रश्न. वेणूअक्का टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडत राहिल्या.

मी ओटीच्या पायरीवर बसून पंपाची नळी धूत होतो. अक्कांच्या शिष्यांत मी सगळ्यात जुना, म्हणून नळ्या धुण्याचा मान माझा. अक्का बोलत असताना मधे तोंड घातलं की बादल्याही धुवाव्या लागतात, तेव्हा मी गप्प होतो.

अक्का वेंगुर्ल्याच्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि घरच्या ओटीवर समुद्राच्या पाण्याची टाकी मांडून बसल्या. रविवारी कोणीही यावं, शिकावं. मासे मात्र त्या विकत नाहीत. शिष्य तयार झाला असं वाटलं की आपल्या टाकीतली क्लाऊनफिशची जोडी स्वतःहून देतात. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची. ती मिळेपर्यंत शिष्यानं आपल्या टाकीत नुसतं पाणी आणि दगड बघत बसायचं. न विचारता मासा सोडला, तर पुन्हा त्यांच्या ओटीवर चढायचं नाही.

शैलेश तिरोडकर कुडाळचा आर्किटेक्ट, घरी टाकी मांडायला निघालेला. हुशार, आणि ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

“पुन्हा सांग,” अक्का म्हणाल्या.

“आधी कोळंबी आणि गोगलगायी. त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग गोबी मासा, तो आपला वाळू उपसत बसतो. मग तुमची जोडी. तापट मासा सगळ्यात शेवटी. आधी सोडला तर टाकी आपल्या बापाची समजतो.”

“बरोबर.”

“तळाला कोण, मधे कोण, वर कोण, सगळं ठरलंय. प्रत्येकाला कपार आहे. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही.”

“बरोबर.”

“मग... भांडणार नाहीत ना?”

अक्कांनी खरवडणी खाली ठेवली.

“बरोबर म्हणतेय ना मेल्या! मग पाय कशाला हलवतोस?”

त्याचा पाय खरंच हलत होता, शिवणयंत्रावर असावा तसा. तेवढ्यात मोबाइल वाजला. त्यानं नाव बघितलं आणि मोबाइल मांडीवर पालथा घातला.

“बायको?”

“हो.”

“सासूबाई कधी येतायत?”

“शुक्रवारी.”

ही गोष्ट आम्हां सगळ्यांना ठाऊक होती. सासूबाई बेळगावला एकट्या. न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. शैलेशची बायको ऋतुजा त्यांची एकुलती एक. ती म्हणाली, आई आता आपल्याकडेच राहील. शैलेशच्या आईनं कपाळाला हात लावला. विहीण म्हणजे मानानं यावी, मानानं जावी. ती कायमची राहायला आली तर तो मान रोज कुठून आणायचा? एका म्यानात दोन तलवारी राहिल्यात कधी?

ऋतुजा भांडली नाही. एवढंच म्हणाली, जमत नसेल तर सांगा, मी आईला घेऊन बेळगावला जाऊन राहीन.

“ती बोलली म्हणजे करणार, अक्का.” शैलेश म्हणाला. “मला भीती वाटते.”

“माशांची?”

“...नाही.”

अक्का खुर्चीवर टेकल्या.

“मग टाकीचं खूळ आत्ताच कुठून आलं?”

“दोघींसाठीच तर आणतोय! दोघी बसून मासे बघतील. बोलायला विषय मिळेल. घर जरा शांत राहील.”

“ठेवणार कुठं?”

“माझ्या खोलीत.”

“तिथं तू काम करतोस ना?”

“हो. पण जागा उत्तम आहे. दार बंद असतं, एसी चालू असतो, पाणी तापत नाही. पलीकडच्या भिंतीला टेबल, अलीकडे टाकी. मोजूनच घेतलंय.”

“दार बंद,” अक्का म्हणाल्या.

“कामाच्या वेळेला हो...”

“आणि सासूबाई झोपणार कुठं?”

“आईच्या खोलीत.” इथं त्याला जरा हुशारी आली. तो बोटानं हवेत नकाशा काढायला लागला. “खिडकीकडे आई, दाराकडे सासूबाई. मधे पडदा. हिला तिची हवा, तिला तिची. दोघींचं तोंड दोन दिशांना.”

“पडदा लावलास?”

“कालच.”

“आई काय म्हणाली?”

“काही नाही. गप्प बसून बघत होती. अक्का, ती गप्प बसली ना, की मला झोप लागत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.”

अक्कांनी टाकीकडे बोट केलं. “इकडे ये. हे बघ.”

टाकीच्या कोपऱ्यात जाळीचा एक डबा टांगलेला होता. डब्यात नवा गोबी, बोटाएवढा, अंग चोरून तळाशी बसलेला. नवा मासा अक्का आधी असा डब्यात ठेवतात. जुन्यांनी त्याला बघावं, त्यानं जुन्यांना बघावं.

बाहेर मुकादम होता. मुकादम म्हणजे अक्कांचा जुना डॅमसेल मासा. निळाशार, दिसायला गोड आणि स्वभावानं कडू जहर. मधल्या मोठ्या दगडाखाली त्याची गुहा. तिथून सुटायचा, जाळीवर धडक मारायचा, परत गुहेत. पुन्हा सुटायचा. प्रत्येक धडकेला आतला गोबी आणखी चपटा व्हायचा.

“कधीपासून चाललंय हे?” शैलेशनं विचारलं.

“आणला तेव्हापासून.”

“मग जाळी काढली तर हा मारून टाकील त्याला!”

“टाकील की.”

“मग मुकादमाला बाहेर काढा!”

“का? त्याचं घर आहे ते.”

“मग नव्याला परत द्या.”

“कुठं? तो आता कुठं जाणार?”

मुकादमानं पुन्हा धडक मारली. ठप्प. शैलेश दचकला, जणू त्यालाच मार बसला.

“अक्का, काहीतरी करा ना...”

अक्कांनी पदर खोचला. हात कोपरापर्यंत धुतला आणि पाण्यात घातला.

डावीकडचा दगड उजवीकडे नेला. मागचा पुढे आणला. उभा होता तो आडवा केला. वाळू उसळली, पाणी गढुळलं, क्लाऊनफिश वर पळाले. मग त्यांनी मधला मोठा दगड उचलला, मुकादमाच्या गुहेचा, आणि सरळ शैलेशच्या हातात दिला.

“धर.”

त्यानं धरला. पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरून पँटवर ओघळलं. एरवी त्यानं केवढा गहजब केला असता. आज त्याचं लक्षही नव्हतं.

गाळ जरा खाली बसला. मुकादम गुहेच्या जागेपाशी आला. गुहा नव्हती. भोवती फिरला. पुन्हा त्याच जागी आला. मग एका अनोळखी कपारीत डोकं घालून बघितलं आणि बाहेर आला.

अक्कांनी जाळीचं झाकण काढलं.

मी नळी सोडून उठून उभा राहिलो.

गोबी बाहेर आला. तळाला गेला. मुकादम त्याच्यासमोरून गेला... आणि पुढे गेला. त्याला स्वतःची जागा शोधायची होती. गोबीलाही तेच करायचं होतं. दोघं एकाच टाकीत, दोघंही नवे.

अक्कांनी रिकामा डबा बाहेर काढून ठेवला.

“घरात मुकादम कोण?” अक्कांनी विचारलं.

“आई,” शैलेश लगेच म्हणाला. “दुसरं कोण? तीस वर्षं एकच खोली, एकच खिडकी.”

“तिचं काय काय हलवलंस?”

“पलंग सरकवला. कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करून घेतले. तिचं आरशाचं टेबल माळ्यावर टाकलं.”

“ऋतुजाचं?”

“तिचं शिलाई मशीन त्याच खोलीत असायचं. ते शेजारी दिलं, तूर्त.”

“आणि तुझं?”

“माझं काय? माझी खोली तर तशीच...”

दगडातून अजून पाणी ठिबकत होतं. पायांशी थारोळं झालं होतं.

“माझं टेबल फार जड आहे, अक्का,” तो हळूच म्हणाला.

अक्का टाकीकडे बघत होत्या.

“आणि मी काम कुठं करणार? मला शांतता लागते. दार लागतं. आईच्या खोलीत मावतात की दोघी, मी मोजलंय...”

अक्का टाकीकडेच बघत होत्या. शैलेशच्या खुर्चीवर राहिलेला मोबाइल पुन्हा वाजला. वाजून वाजून थांबला. शैलेशचे दोन्ही हात दगडात गुंतलेले.

शेवटी त्यानं विचारायचं तेच विचारलं. खालमानेनं, पोरासारखं.

“अक्का... मासे कधी नेऊ?”

“मुकादमाची गुहा मोडली की.”

“ती तर तुम्ही आत्ताच मोडलीत.”

अक्कांनी पदराला हात पुसले.

“ही माझ्याकडच्या मुकादमाची, शैलेश.”