जबाबाचा दगड

या, थारोळ्याच्या कडेला बसा. थारोळं म्हणजे हे दगडी कुंड. मोटेचं पाणी आधी यात पडायचं आणि मग पाटाने रानात जायचं. आता मोट गेली, पंप आला, पण थारोळं आम्ही मोडलं नाही. तुम्ही गाण्याच्या शोधात आलात, तर गाण्याचा दगडही जाताना बघून जा. तो पलीकडच्या बांधावर आहे, मक्याच्या मागे, इथून दिसायचा नाही. त्याच्या माथ्यावर वाटीएवढा खळगा आहे. तो खोऱ्याच्या ठोक्यांनी पडलाय. शेंदूरदऱ्यात त्याला जबाबाचा दगड म्हणतात.

चहाचं या मागच्या घरात सांगितलंय, पण खात्री देत नाही. सकाळपासून आमच्या मंडळींचं माझ्याशी बोलणं बंद आहे. आज तिच्या भावाकडे गोंधळ, सकाळच्या एसटीने जायचं म्हणून पिशवी भरून ठेवलेली, आणि मी तुम्हाला नेमका आजचाच दिवस देऊन बसलो. चूक माझीच आहे. असो, गोष्ट ऐका.

माझ्या पणजोबांच्याही आधी या विहिरीवर हैबती नावाचा मोटकरी होता, असं सांगतात. विहीर भावकीची, पाण्याच्या पाळ्या लावलेल्या. आपल्या पाळीला हैबती मोट हाकायचा आणि त्याची बायको सगुणा तिकडे बांधाशी दारं धरायची, म्हणजे खोऱ्याने माती ओढून एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवायची. मधे उभं पीक, त्यामुळे दोघं दिवसभर एका रानात असून एकमेकांना दिसत नसत. बैल उताराला लागले की हैबती नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसून म्हणायचा,

*पाणी धाडलं पाटानं, कुण्या वाफ्यात ठरलं?*

तेवढ्यात मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची, आणि पिकाच्या पलीकडून सगुणेचा जबाब यायचा,

*तुमी धाडलं तिथंच, माझं पाऊल भरलं.*

जबाब आला की पाणी नीट पोचलं हे त्याला कळायचं, आणि ती नीट आहे हेही कळायचं. मग मोट पुन्हा विहिरीत सोडायला बैल मागे सरायचे. बैलांना त्या आवाजाची इतकी सवय लागली की हैबतीला कासरा ओढावा लागत नसे. तिचं शेवटचं अक्षर पडलं की ते आपणहून मागे पाऊल टाकत.

एका वर्षी गावात घशाची साथ आली. सगुणा तिच्यातून उठली, पण तिचा आवाज गेला. साधी हाकही घशातून निघेना. गड्याला जबाब देता येईना ती बाई रानात काय कामाची, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण तिने ते स्वतःच मनाला लावून घेतलं. एका सकाळी ती माहेरी निघून गेली. भावाच्या तोंडून तिने निरोप धाडला की दुसरी करा, माझा राग नाही.

हैबतीला तो निरोप झोंबला. विहिरीच्या कपारीत साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, दगड आहेत, त्यांच्यापुढे त्याने हात जोडून शब्द दिला म्हणे, की तिची जागा दुसऱ्या कशाने भरणार नाही, आणि बैलांवर आसूड उगारणार नाही. शब्द देणं सोपं होतं, पण बैल अडले होते. मोट रिकामी झाली की ते जबाबासाठी कान टवकारून उभे राहत. हैबती आपली ओळ म्हणून थांबायचा, तिच्या ओळीएवढा वेळ जाऊ द्यायचा, मग नाड्यावरून उतरून बैलांपुढे यायचा आणि जुवाला दोन्ही हात लावून त्यांना मागे रेटायचा. प्रत्येक मोटेला हेच. त्याच्या पाळीत निम्मंच पाणी निघायचं. निम्मा मका उभ्याउभ्या पिवळा पडला. भाऊबंद म्हणायचे, हैबतीला खूळ लागलंय. मला विचाराल तर तसलं खूळ फार थोड्यांच्या नशिबी असतं.

त्याच्या आईने शेवटी आपल्या भावाची मुलगी आणवली. नाव तिचं तान्ही. गळा असा, की जात्यावर बसली तर आळीतल्या बाया दळण विसरत. म्हातारीने तिला सगुणेची ओळ पढवली आणि गुपचूप बांधाशी नेऊन उभी केली. हैबतीने ओळ म्हटली, मोट रिकामी झाली, आणि पलीकडून जबाब आला. सगुणेपेक्षाही गोड आला म्हणे. बैलांनी एकदा कान हलवले, पण पाऊल मागे टाकलं नाही. तान्हीने दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मग ती स्वतःच पिकातून बाहेर आली, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि हैबतीला म्हणाली, "दादा, ही जागा माजी न्हाई."

मामाच्या मुलीने दादा म्हटलं, तिथेच लग्नाची गोष्ट मिटली. मला या कहाणीत ती पोर फार आवडते. तिचा दगड कुठे नाही, म्हणून तिचं नाव मी मुद्दाम घेतो.

आता गाणं म्हटलं की ते कुणाच्या दावणीला राहत नाही. विहिरीवरून वाटसरूंनी उचललं, वाटसरूंकडून बाजारात गेलं. एक कासार ते बांगड्या भरताना म्हणायचा, म्हणजे बाईचं लक्ष गाण्याकडे जातं आणि हात आवळलेला कळत नाही. पण त्याने ते या थारोळ्यावर बसून ऐकलेलं, म्हणून जिथे हैबती थांबायचा तिथे तोही थांबायचा. फिरत फिरत तो सगुणेच्या माहेरी पोचला. शेजारी लग्न होतं. बाया गोळा झालेल्या, सगुणा भिंतीला टेकून बसलेली. कासाराने ओळ म्हटली आणि नवरीचा हात हातात धरून गप्प राहिला. बाया म्हणाल्या, पुढचं म्हणा की. तो म्हणाला, "फुडचं मला म्हनाया येत न्हाई. शेंदूरदऱ्याला एक मोटकरी हाय, त्यो हितं थांबतो. त्याची बैलंबी थांबत्यात. त्याची कारभारीन आली की भरंल म्हनं ती जागा."

सगुणा पदर तोंडाशी धरून पोटभर रडली. आपली जागा कुणीतरी घेतली असेल असं तिला इतके महिने वाटत होतं, आणि ती तर मोकळी ठेवलेली होती. डोळे पुसून तिने कासारापुढे हात केला. हिरव्या बांगड्या भरून घेतल्या आणि त्याच पावली निघाली.

ती आली ती घरी गेलीच नाही, पलीकडच्या वाटेने थेट रानात शिरली. हैबतीची पाळी चालू होती. वाफ्यात तिचं खोरं पडलेलं होतं. तिकडून ओळ आली, मोट रिकामी झाली, पाणी तिच्या पावलांशी आलं. तिने तोंड उघडलं, पण आवाज येईना. तेव्हा तिने खोरं उलटं धरलं आणि बांधावरच्या दगडावर दोन ठोके दिले. खण, खण.

आणि बैल मागे सरले.

हैबती जुवाला हात लावायला उतरत होता, तो नाड्यावरच बसून राहिला. म्हणतात, त्या दिवशी त्याने पिकात जाऊन तिचं तोंडही बघितलं नाही. पाळी संपेपर्यंत मोट हाकली, कारण वाफे सुकले होते आणि ती दारं धरत होती. प्रत्येक मोटेला दोन ठोके आले. दिवस कलल्यावर गडी बैल सोडून पिकात शिरला आणि मग दोघं उशिरापर्यंत बाहेर आली नाहीत. तेवढं आपण सोडून देऊ.

पुढे ते गाणं तमाशाच्या फडावर गेलं. तिथे मोकळ्या जागेत चावट उत्तर घातलं. आजोबांच्या वेळी त्याची तबकडी निघाली, तिच्यात क्लॅरिनेट भरलं. आता डीजेवाल्यांनी काय काय भरलंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक. भरू द्या बापडे. आमच्या हॉटेलात ती तबकडी लागली की ज्याच्या हातात जे असेल, बशी, अडकित्ता, पाना, त्याने तो दोन ठोके देतो. क्लॅरिनेट ऐकूच येत नाही.

आजही शेंदूरदऱ्यात वरात आली की आधी या विहिरीवर येते. वाजंत्री थांबतात. नवरा इथे बसून पहिली ओळ म्हणतो, आणि नवरी बांधापाशी खोऱ्याने दोन ठोके देते. गोड गळ्याच्या मुलीही जबाब गात नाहीत, ठोकेच देतात. आणि नवराबायकोचं बिनसलं तरीही हाच रिवाज. ज्याची चूक त्याने ओळ म्हणायची. जबाब येईपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागो, आणि आसूड उगारायचा नाही.

आता माझा आवाज ऐकून हसू नका.

*पाणी धाडलं पाटानं, कुण्या वाफ्यात ठरलं?*

थांबा. नका बोलू कुणी. मागच्या वेळी बराच वेळ लागला होता.

ऐकलंत? तव्यावर उलथणं होतं. दोन ठोके, मोजून.

चला, चहा झाला. दगड तुम्हाला माझा पुतण्या दाखवेल. मला ती पिशवी उचलायचीय, संध्याकाळची एसटी अजून मिळेल.