बॉनेटचा उजवा कोपरा

"मग कटरच्या पात्याचं टोक कधी मोडलंस?"

दस्तगीर उस्तादांनी सहज विचारलं. ते नमाज पढून नुकतेच परतले होते, चपला अजून पायरीवर काढत होते.

"मोडलं की," हर्षद म्हणाला. "तुम्ही गेल्यावर लगेच."

तो खोटं बोलत होता. आणि बोलताना त्याचा हात फडक्यानं बॉनेटचा उजवा कोपरा पुसत होता, जो आधीच लख्ख होता.

गाडी नवी होती, गडद निळी. दिगंबर कोष्टींनी चौतीस वर्षं एका शेटजींची गाडी चालवली, आणि साठी उलटल्यावर ही पहिली स्वतःची घेतली. तिच्या रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून वरून पारदर्शक फिल्म चढवायची होती. पण गाडी रात्रभर दुसऱ्याच्या दारात ठेवायला कोष्टी तयार नव्हते. काम घरीच करा, म्हणाले.

उस्तादांनी मानलं. गाव यंत्रमागांचं. हवेत कापसाचं तूस कायम तरंगतं, आणि एक तूस फिल्मखाली अडकलं की ते कायमचं. म्हणून शेजारचे माग बंद असतील तो दिवस धरला, पोर्चला चारी बाजूंनी ओल्या चादरी बांधल्या, फरशीवर पाणी मारलं.

आज हर्षदची परीक्षा होती. आठ महिने तो उस्तादांच्या हाताखाली होता, आणि आज बॉनेट त्यानं एकट्यानं करायचं होतं. जमलं तर फिल्मखालचं पाणी निपटायची उस्तादांची स्वतःची रबरी पट्टी त्याला मिळणार होती. ती पट्टी ज्याच्या हातात, त्याच्याकडे गावातले लोक डोळे झाकून गाडी देत. हर्षदनं दुकानाची पाटीही रंगवून ठेवली होती. उस्तादांना त्यानं ते सांगितलं नव्हतं. याला आत्मविश्वास म्हणायचं की आगाऊपणा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

उस्तादांचे नियम दोनच होते. काठ कापताना फिल्म बोटानं उचलून अधांतरी कापायची, पातं गाडीला टेकवायचं नाही. आणि एक काठ झाला की पात्याचं टोक मोडून डबीत टाकायचं. हर्षदला हे म्हाताऱ्याचे चोचले वाटत. व्हिडिओतली मुलं सरळ गाडीवरच पातं ओढतात आणि मिनिटात मोकळी होतात, हे त्यानं पाहिलं होतं.

उस्ताद नमाजाला गेले आणि त्यानंही ओढलं.

उजव्या कोपऱ्यावर पातं खाली रुतलं. तांदळाच्या दाण्याएवढी रेघ रंगात उतरली. फिल्म अजून ओली होती. त्यानं ती जराशी ताणून रेघेवर आणली आणि दाबून बसवली.

वरून काहीच दिसेना.

उस्तादांनी आता कटर उचललं. पातं बाहेर सारलं. त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर ठेवून हळूच ओढलं. पातं नखावर दोनदा अडखळलं.

"नुसती फिल्म कापलेलं पातं असं अडखळत न्हाई," ते म्हणाले.

"फरशीवर पडलं होतं," हर्षद म्हणाला.

उस्तादांनी फरशीकडे पाहिलं नाही. बॉनेटकडेही पाहिलं नाही. ते त्याच्या हातातल्या फडक्याकडे पाहत होते. हर्षदनं फडकं खिशात कोंबलं.

तेवढ्यात कोष्टी चहा घेऊन आले. आपलं तोंड बॉनेटमध्ये स्वच्छ दिसतंय हे पाहून ते लहान मुलासारखे हरखले. चहा पिता पिता त्यांनी जुनी हकिगत काढली. शेटजींच्या गाडीवर एकदा सकाळी ओरखडा निघाला होता. आदल्या रात्री गाडी दुसऱ्याच कुणी बाहेर काढली होती, पण ज्यानं काढली तो गप्प राहिला. शेटजींनी सगळ्या घरासमोर कोष्टींना विचारलं, कुणी केलं? त्यांनी सांगितलं, मी नाही. कुणाला पटलं नाही. महिनाभर ते घरी बसले, आणि पुढची कित्येक वर्षं रोज सकाळी गाडी पुसण्याआधी ते तिचा कोपरान् कोपरा तपासायचे.

"ओरखडा बारीकच होता हो," कोष्टी म्हणाले. "पण चोर म्हणून बघत्यात ना माणसं..."

मग ते पूजेचं ताट आणायला आत गेले.

हर्षदच्या हातातला चहा निवला होता. त्याला तो ओतून द्यावासा वाटत होता, आणि पळून जावंसंही वाटत होतं. फिल्म हळूहळू सुकत होती. पाणी आहे तोवर ती उचलता येते. एकदा रंगाला चिकटली की उचलताना फाटलीच समजायची.

उस्तादांनी खिशातून कापडात गुंडाळलेली पट्टी काढली आणि बॉनेटवर ठेवली.

"घे."

हर्षदला खरं वाटेना. "मी... पास?"

"एक तूस न्हाई. एक बुडबुडा न्हाई. काम मी बघितलं. घे."

आठ महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर होता, आणि हर्षदचा हात उठत नव्हता. त्याला उस्तादांचा रागच आला. चिडायचं सोडून हा माणूस शाबासकी देत होता.

"तुम्हाला माहीत आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मला काय दिसत न्हाई."

"पाच वर्षं कुणालाच दिसणार नाही, उस्ताद. फिल्म जुनी होऊन निघेपर्यंत कुणालाच नाही."

"खरं हाय."

मग उस्तादांनीच विचारलं, "पाच वर्सांनी ही काढायला कोण येईल?"

"येईल कुणीतरी. असेल कुणी शिकाऊ मुलगा."

"त्याचं नाव काय?"

तेव्हा त्या मुलालाही कुणीतरी विचारेल, कुणी केलं? आतून कोष्टींचा आवाज येत होता, ते बायकोला हळदकुंकू कुठं ठेवलंय ते विचारत होते. बॉनेटच्या काठावरून एक थेंब फरशीवर पडला. मग बराच वेळ दुसरा पडला नाही.

हर्षदनं पाण्याची बाटली उचलली. उजव्या कोपऱ्यावर फवारा मारला, नखानं काठ सोडवला आणि दोन्ही हातांनी फिल्म उचलू लागला. घाई केली नाही. ती सगळ्या बॉनेटवरून एकसंध सुटत आली. खाली एक डागही राहिला नाही. फक्त ती रेघ राहिली.

सकाळपासूनचं काम ओल्या गोळ्यासारखं त्याच्या हातात आलं. तो तुकडा आता पुन्हा कामाचा नव्हता.

"काका, जरा इकडं या."

कोष्टी ताट घेऊन आले. वाकले. रेघ दिसताच ताटातला नारळ गडगडला. त्यांनी आधी उस्तादांकडे पाहिलं.

"उस्ताद, हे कुणी केलं?"

उस्ताद चादरीची सुटलेली गाठ बांधत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"मी केलं," हर्षद म्हणाला. "पातं टेकवायचं नाही असं उस्तादांनी सांगितलं होतं. मी टेकवलं. मग फिल्मखाली झाकलं."

कोष्टींचा चेहरा उतरला होता, आणि ते हर्षदकडे इतका वेळ पाहत राहिले की त्यानं मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"नारळ उद्या फोडू," शेवटी ते म्हणाले. त्यांनी ताट पायरीवर ठेवलं, खुर्ची ओढली आणि उजव्या कोपऱ्याजवळ येऊन बसले. "करा परत. मी हितंच बसतो."

हर्षदनं कापडात गुंडाळलेली पट्टी उचलली आणि दोन्ही हातांनी उस्तादांपुढं धरली. त्याचे डोळे भरले होते, ते त्यानं लपवले नाहीत.

"ही ठेवा तुमच्याकडं. मला नाही जमलं."

उस्तादांनी पट्टी घेतली नाही. त्यांनी फिल्मचा ओला गोळा हातात घेऊन उलगडला, काठाकाठानं बोट फिरवलं. कुठंच फाटली नव्हती.

"लावायला मी शिकवलं, हर्षद," ते म्हणाले. "काढायला कुणी शिकवलं?"