सहावी विहीर

एकदा एका अवर्षणी माळावरच्या गावाला एक विलक्षण रीत पडली होती. पोटासाठी समुद्रापार गेलेला माणूस श्रीमंत होऊन परतला, की तो गावाला विहीर बांधून देई आणि काठावर आपल्या नावाची शिळा बसवी. अशा पाच विहिरी झाल्या, प्रत्येक आधीपेक्षा खोल. शिळा पाचही शाबूत होत्या. पाणी मात्र एकीतही चैत्रापुढे टिकत नसे.

त्या वर्षी रखमाजी नावाचा व्यापारी चाळीस वर्षांनी परतला. गावाने त्याला वाजतगाजत मठातल्या वृद्ध गुरुजींपुढे आणले. "सहावी विहीर माझी," तो नम्रपणे म्हणाला.

"विहीर राहू दे," गुरुजी म्हणाले. "आठ दिवस मठात मुक्काम कर, आणि तिकडे घरी राहतोस तसाच राहा."

गुरुजींचा शिष्य अंतोबा मनातून चरफडला. पाण्यावाचून त्याचा थोरला भाऊ गाव सोडायला निघाला होता. आठवड्याभरात बिऱ्हाड हलणार होते. लक्ष्मी टिळा लावायला आली, आणि गुरुजी कपाळ धुवायला निघाले! वर त्यालाच आज्ञा झाली, "पाहुण्याचे पाणी तू भर, आणि तो त्याचे काय करतो ते पाहा."

अंतोबाने दोन घागरी नेल्या. पाहुण्याने एक परत केली. तांदूळ धुतलेले पाणी भाजी धुवायला, तेच पुढे भांड्यांना, उरलेले शेवग्याच्या मुळाशी. शेठ भलताच चिक्कू दिसतो, असे अंतोबाला वाटले. चौथ्या दिवशी रखमाजी कौलांकडे पाहत पुटपुटला, "एवढे मोठे छप्पर, आणि पन्हळ नाही?"

अंतोबाला राहवेना. "पन्हळ कशाला हो, काका?"

"आमच्या बेटावर विहिरीला खारे पाणी. मग छपरावरचा पाऊस पन्हळीतून घराखालच्या हौदात उतरवतो, आणि तोच वर्षभर पितो. तिथल्या शेजाऱ्यांनी शिकवले. पहिल्या वर्षी मी पहिल्या सरीची घाण तशीच आत घेतली, अन् सारे घर आजारी पडले."

"मग हे इथे कधी कळवले का नाही?"

"विचारले कोणी?" रखमाजी म्हणाला. "पत्रे येत, त्यांत मागणी असे. तुम्ही तिकडे जगता कसे, हे चाळीस वर्षांत आज तू पहिल्यांदा विचारलेस."

अंतोबा धावतच गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणाले, "बाळ, परदेशातून आलेल्याच्या हातात काय आहे ते आपण पाहतो, त्या हातांना काय येते ते विचारत नाही. पाच विहिरींनी आपण जमिनीच्या पोटातले पाणी उपसले. त्या बांधून देणारे पाच जणही कुठे ना कुठे काही शिकलेच असतील, पण ते शहाणपण आल्या वाटेने परत गेले. प्रत्येक विहिरीवर नारळ मीच फोडला. चूक माझीही आहे."

अंतोबा घरी आला तेव्हा गाडी भरली जात होती. "दादा, एक पावसाळा थांब."

"कशाच्या भरवशावर?"

अंतोबाने त्याला हाताला धरून मठात आणले. रखमाजीने सारे पुन्हा सांगितले. दादाने वर छपराकडे पाहिले. मग त्याने विचारले, "काका, हौद किती खोल खणायचा?"

रखमाजीने धोतराचा काचा मारला आणि कुदळ मागितली.

आपले माणूस दूरदेशाहून आले, की त्याची पेटी उघडण्याआधी त्याला एवढे विचारावे, तिकडे काय शिकलास?