आबा, येऊ का?

जरा दमानं घ्या मंडळी, फोटो कुठं पळून जात नाही. आणि पुलावर नाचू नका, तो आपला आपणच झुलतो. हा लोखंडी पूल अलीकडचा. त्याच्या आधी कृष्णेच्या याच घळीवर वाखाच्या दोरांचा पूल होता. आमच्या काठावरच्या म्हादबानं तो बांधला, असं सांगतात. दोर वळावा तर त्यानंच. पूल झाला तशा दोन्ही काठांत सोयरिकी सुरू झाल्या. म्हादबानंही आपली एकुलती एक लेक, राही, पलीकडेच दिली.

मग एका वर्षी पलीकडच्या गावात पटकीची साथ शिरली. रोज तिरडी उठू लागली. इकडं आमच्या गावाची पाचावर धारण बसली. सगळे म्हादबाच्या दारात आले आणि त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. "तू बांधलास, तूच तोड," म्हणाले. तो हातापाया पडला म्हणे. "माझी पोर तेवढी येऊ द्या, मग तोडतो." गाव ऐकेना. तिच्याबरोबर पटकी आली तर?

राहीला कुणकुण लागली असावी. तान्हं लेकरू कडेवर घेऊन ती पलीकडच्या टोकाला आली. पुलावर पाय न टाकताच तिनं हाक मारली, "आबा, येऊ का?"

म्हादबाला नुसतं 'ये' म्हणायचं होतं. पण मागं सगळा गाव उभा. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं डोळे मिटून घाव घातला. दोर पाण्यात गेले.

साथ सरली. राही वाचली, तान्हं गेलं. म्हादबानं नवे दोर वळले, पण ते पलीकडे कुणीतरी धरायला हवेत ना! रोज काठावर उभा राहून तो ओरडायचा, "राही, येऊ का गं?" ती पाण्याला यायची, ऐकायची, घागर उचलून जायची. हाक मारता मारताच तो गेला, असं सांगतात. अहो, कुऱ्हाड त्याच्या हातात होती, पण दिली आम्हीच की! त्याची लाज गावाला अजून वाटते.

पुढं सरकारनं हा पूल टांगला, कुणाला विचारलं नाही. पण आजही आमच्या गावचं माणूस या टोकाला थांबतं आणि "येऊ का?" म्हणून विचारतं. पलीकडून कुणी ना कुणी "या" म्हणतं. राहीच्या घरातलं कुणी समोर असलं, तर मात्र ते बोलत नाही, नुसतं बघतं. दुसऱ्या कुणाला विचारा की, असं आमची तरणी पोरं म्हणतात. आम्ही विचारत नाही. घरी परत जातो.