तीन बोटं आखूड

“पण मेस्त्री, हा बाक कशाला? सरळ नेला असता तर पाइप कमी लागला असता की नाही?”

प्रश्न जीपखालून आला. पाठोपाठ हर्षला सरपटत बाहेर आली. तिच्या हातात ब्रेकचा जुना पाइप होता. गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि एका टोकाजवळ तो धनुष्यासारखा वाकलेला होता.

गाड्या दुरुस्त करणारे कैतान मेस्त्री अंगणाच्या पायरीवर बसले होते. रविवार असल्यामुळे ते चर्चमधून थेट आले होते. अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट. आज आपण कशालाही हात लावणार नाही, हे त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

“कोणीतरी पाइप जास्त लांब कापला आणि मग चूक लपवायला वाकवला.”

“हुशार आहेस गो.”

हर्षलाला ते खरंच वाटलं.

“गाडी चालू कर,” मेस्त्री म्हणाले. “एक हात वरच्या पत्र्यावर ठेव. दुसरा खाली चासीच्या सांगाड्यावर.”

तिने ठेवले. इंजिन धडधडत होतं.

“काय कळतंय?”

“पत्रा थरथरतोय... चासीपण. पण दोन्ही वेगवेगळे!”

“पाइप कोणाला जोडलाय?”

हर्षलाने काढलेला पाइप पुन्हा त्याच्या जागी धरून पाहिला. एक टोक वर पत्र्याकडे जात होतं, दुसरं खाली चासीकडे. तिने एकदा वर पाहिलं, एकदा खाली. मग ओरडलीच.

“दोघांना! म्हणून बाक! दोघं दोन दिशांना ओढतात, मधे ढील नको का! नाहीतर पाइप एक दिवस...”

मेस्त्रींनी इंजिन बंद करायची खूण केली.

“मी जेवून येतो,” ते म्हणाले.

“इथेच जेवा की,” दारातून हर्षलाची आई म्हणाली.

“घरी कोंबडी आहे.”

“मग जा बाबा. आमच्याकडे भोपळा आहे.”

वाडीतली अकरा मुलं रोज घाट उतरून शाळेत चालत जात. उद्या, सोमवारी, ती पहिल्यांदा जीपमधून जाणार होती. जीप हर्षलाच्या वडिलांची. ते गेल्यापासून दोन वर्षं ती मांगराच्या छपराखाली पडून होती. वीस वर्षांच्या हर्षलाने ती बाहेर काढली, धुतली, चालू केली. मुलांच्या आईवडिलांची अट एकच होती : ब्रेक मेस्त्रींनी पाहायला हवेत.

नवा पाइप एकच होता. दुकान तालुक्याच्या गावाला आणि रविवारी बंद.

हर्षलाने जुन्या पाइपवर सुतळी धरली, बाकासकट माप घेतलं आणि नवा पाइप कापला. मग पाइपचं तोंड फुगवायचं हत्यार त्याच्या टोकावर घट्ट आवळलं. श्वास रोखून स्क्रू फिरवला. सोडला...

पाइपचं तोंड छत्रीसारखं गोल फुललं होतं. कुठे चीर नाही, कुठे कललं नाही.

“आई! आई, बघ ना!”

“बघितलं. छान आहे. आणि हे काय गो?”

आईच्या बोटात नट होता.

नट आधी ओवायचा, तोंड नंतर फुगवायचं. फुललेल्या तोंडातून नट जात नाही.

तिने ते सुंदर तोंड कापून टाकलं. नट ओवला. दुसरं तोंड वाकडं आलं. तेही कापलं. तिसरं चांगलं आलं.

पाइप आता तीन बोटं आखूड होता.

तिने तो लावून पाहिला. पोचला! बाक मात्र उरला नाही. पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बसला. तिने नट आवळले, तेल भरलं. मग आईला ब्रेकवर बसवलं आणि पाइपातली हवा काढायला स्वतः पाना घेऊन चाकापाशी गेली.

“दाब!”

“दाबलं!”

“धरून ठेव!”

“किती वेळ? भोपळा करपेल!”

“धर गं! बुडबुडे येतायत... येतायत... सोड!”

चारही चाकांपाशी असंच. आधी तेलाबरोबर हवा फसफसत आली. मग नुसतं तेल, निखळ, बारीक धारेने. हर्षलाने पाइपवरून बोट फिरवलं. बोट कोरडं.

“आई, आता दाब जोरात!”

“अगं बाई! खाली जातच नाही!”

हर्षलाने टाळ्या वाजवल्या. काळ्या हातांनी आईला मिठी मारली. आई तिला ढकलत हसत राहिली.

मेस्त्री आले तेव्हा वाडीतली मुलं त्यांच्या मागेच होती. मेस्त्री जीपमध्ये चढले. ब्रेकवर पाय ठेवला आणि सगळं वजन टाकून बराच वेळ दाबून धरला.

“दगड,” ते म्हणाले.

हर्षलाचा चेहरा फुलला.

“गळतं कुठे?”

“एक थेंब नाही, मेस्त्री.”

त्यांनी आपल्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं. जमिनीकडे पाहिलं. मग हर्षलाकडे.

“बरं,” ते म्हणाले. “मग उद्या सातला.”

मुलांनी एकच कल्ला केला. सगळी जीपमध्ये घुसली. सहावीतली निधी सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर.

“मी इथे! मी रोज इथे!”

“तुझ्या बापाची गाडी काय?”

“हर्षलाताईच्या बापाची आहे! सरक!”

आणि अकराही जणं सीटवर उड्या मारू लागली. जीपचा पत्रा खाली बसायचा, वर यायचा, पुन्हा खाली बसायचा. हर्षला हसत होती.

मग तिला खालून एक बारीक आवाज आला. कुर्र...

दुसऱ्या कुणाला तो ऐकू गेला नाही.

मेस्त्री फाटकापर्यंत पोचले होते.

“मेस्त्री...”

ते थांबले.

“पाइप तीन बोटं आखूड आहे. मी नट ओवायला विसरले. बाक नाही त्यात.”

मुलांच्या उड्या थांबल्या.

“आज गळत नाही,” मेस्त्री म्हणाले.

“नाही.”

“उद्याही गळणार नाही, कदाचित.”

“कदाचित.”

“दुकान उद्या दहाला उघडतं.”

“माहीत आहे.” ती जीपकडे वळली. “उद्या मुलं चालतच जातील. उतरा रे सगळे.”

“ताई, असं काय गं!” निधी रडवेली झाली. “मी घरी सांगून आले ना, उद्या गाडीने जाणार म्हणून!”

“परवा. परवा नक्की. उतर.”

मुलं एकेक करून उतरली. हर्षलाने पाना उचलला. ती जीपखाली सरकली आणि आश्चर्याने तिथेच थबकली. पलीकडून मेस्त्रीही पाठीवर सरपटत आत येत होते. पांढऱ्या शर्टाला अंगणातली तांबडी माती लागत होती.

“मेस्त्री, तुमचा शर्ट...”

“सोड नट.”

तिने जोर लावला. नट सुटला. तेलाची धार थेट मेस्त्रींच्या छातीवर पडली. शर्टावर डाग पसरत गेला. ते हलले नाहीत.

वर जीपमध्ये चढून बसलेल्या आईने दुपारच्या सवयीने ब्रेक दाबून पाहिला.

“अगं, हा तर तळाला गेला!” ती ओरडली. “काहीच लागत नाही!”

हर्षलाने डोळे मिटले.

“हां,” अंधारातून मेस्त्री म्हणाले. “गाडी वेळेत थांबवलीस. आता झाला ब्रेक.”